फिरत्या सीटआधी मोजपट्टी

पत्र

माझ्या सासऱ्यांना (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) दहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू कमजोर आहे. वय ७३, वजन ७४ किलो, अंगाने उंच. घरात चार पायांच्या काठीने चालतात, उजव्या पायात घोट्याची स्प्लिंट असते. आठवड्यातून तीनदा इंदिरानगरहून गंगापूर रोडला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. घरातल्या खुर्चीवरून ते आपले आपण उठतात, पण गाडीतून उतरवताना मी आणि वॉचमन काका असे दोघं लागतो. गाडी २०२० ची सेडान आहे. अंबडचा एक फॅब्रिकेटर बारा हजारांत सीटखाली फिरती प्लेट वेल्ड करून देतो म्हणतो. ऑनलाइन फिरती गादी दीड हजाराला दिसते. मिस्टर म्हणतात, ही गाडी विकून टाकू, उंच एसयूव्ही घेऊ. सासूबाईंचेही गुडघे गेलेत, त्याही याच गाडीतून येतात. नक्की काय करावं?

— एक सून, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: घरातल्या खुर्चीवरून अण्णा आपले आपण उठतात. म्हणजे उठण्यापुरती ताकद पायांत आहे, तोलही आहे. मग गाडीतच काय अडतं, ते आधी शोधायचं आणि मग खिशात हात घालायचा. वेल्डिंगची प्लेट अजिबात नको, का ते पुढे सांगतो. फिरती गादीही अण्णांसाठी नको. एसयूव्हीचा विषय महिनाभर बाजूला ठेवा.

खुर्चीवरून उठताना माणूस काय करतो ते एकदा नीट पाहा. बूड पुढे सरकतं, पावलं गुडघ्यांच्या मागे येतात, डोकं पुढे झुकतं आणि वजन पावलांवर आलं की मगच बूड सुटतं. गाडीत यातल्या दुसऱ्या पायरीला घोटाळा होतो. सीटची कड आणि गाडीची बाहेरची कड यांच्यामध्ये दाराचा उंबरा असतो, बऱ्याच सेडानमध्ये चांगला वीतभर. पावलं उंबऱ्यापलीकडे रस्त्यावर, बूड मात्र अलीकडे, सीटच्या खोलगट भागात. पावलं मागे घ्यायची तर मागे उंबरा आडवा. त्यात स्प्लिंट घोट्याला काटकोनात धरून ठेवते, त्यामुळे उजवं पाऊल एरवीही फारसं मागे जात नाही. वजन पावलांवर येतच नाही, म्हणून ते तुम्ही दोघं मिळून ओढून आणता. सीट जागच्या जागी गोल फिरली तरी हा उंबरा तिथेच राहतो. अण्णांना अडवतात त्या तीन गोष्टी: सीटची उंची, हा उंबरा आणि बऱ्या हाताला धरायला काही नसणं.

एखाद्या सकाळी सोसायटीत सपाट जागी गाडी लावा, पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवा आणि स्टीलची मोजपट्टी घ्या. पहिलं माप अण्णांचं: बूट आणि स्प्लिंट घालून खुर्चीत बसलेले असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत. त्यांच्या चणीच्या माणसाचं हे साधारण ४४ ते ४७ सेंटिमीटर भरतं. मग ज्या खुर्चीवरून ते सहज उठतात तिची उंची, तेच बसलेले असताना. मग गाडीच्या सीटची रस्त्यापासून उंची, तीही त्यांच्या वजनाचं कुणीतरी बसवूनच. रिकाम्या सीटचं माप फसवतं, कारण माणूस बसला की फोम चार-पाच सेंटिमीटर सहज दबतो. सीटच्या बाहेरच्या कडेपासून उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर घ्या. शेवटी दबलेल्या सीटपासून दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेपर्यंतचं उभं अंतर. सगळं वहीत लिहून ठेवा, पुढे शोरूममध्ये हीच वही उपयोगी पडेल.

पायांत ताकद कमी असलेल्या माणसाला सीट त्याच्या गुडघ्याच्या मापापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने उंच असली की उठणं सोपं जातं. माप ४५ असेल तर सीट ५४ च्या आसपास हवी, ५२ ते ५८ चालून जाईल. सेडानमध्ये माणूस बसल्यावर हा आकडा बहुधा पन्नाशीच्या आत येतो. उलट ६५ च्या वर गेला तर बूड टेकवायलाच टाचा उचलाव्या लागतात आणि कमजोर पायाला ते झेपत नाही. आकड्यांत पडायचं नसेल तर एक खूण सांगतो. सीटकडे पाठ करून उभं राहिल्यावर सीटची कड गुडघ्याच्या खाचेच्या जरा वर, मांडीच्या खालच्या भागाला टेकली पाहिजे. पोटरीला टेकली तर सीट बसकी. बुडाखाली टेकली तर चढावं लागणार.

आता त्या प्लेटचं. अंबड-सातपूरच्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही, प्रश्न सीटवर येणाऱ्या भाराचा आहे. गाडीच्या सीटची आणि तिच्या पकडीची जी चाचणी होते, तिच्यात गुरुत्वाच्या वीसपट धक्का धरतात. वीस किलोच्या सीटला तो ४०० किलोसारखा. त्यात पुढच्या सीटच्या बेल्टचं बकल बहुतेक गाड्यांत सीटच्याच सांगाड्याला जोडलेलं असतं. ७४ किलोच्या माणसाचे वीसपट म्हणजे जवळजवळ दीड टन, आणि त्यातला मोठा वाटा बकलमार्गे सीटच्या बोल्टांवर येतो. धडक समोरून बसली की सीट पुढे उलटायला बघते, म्हणजे मागचे बोल्ट वर खेचले जातात. बेअरिंगच्या गोळ्यांवर फिरणारी प्लेट खाली दाबणारं वजन उत्तम पेलते, पण वर खेचणाऱ्या ओढीला तिच्या दोन चकत्यांना धरून ठेवणारी फक्त पातळ दुमडलेली कड असते. ती उघडते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचं मूळ पोलाद बदलतं ते निराळंच. शिवाय प्लेटला दोन मिलिमीटरची ढिलाई आली की हेडरेस्टपाशी सीट पाच-सहा मिलिमीटर डुलायला लागते, आणि अशक्त कमरेच्या माणसाला ते प्रत्येक खड्ड्यात जाणवतं.

गाडी २०२० ची आहे म्हणून आणखी एक अडचण. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्यासाठी डाव्या सीटच्या गादीत वजन ओळखणारा सेन्सर असतो. बाजूच्या एअरबॅग असतील तर त्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत बसवलेल्या असतात, आणि सीटखालून पिवळ्या कनेक्टरची वायर जाते. सीट फिरली की या वायरी पिळतात, घासतात, आणि एक दिवस डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. दिवा लागला म्हणजे धडकेत एअरबॅग उघडेल याची खात्री संपली.

फिरती गादी म्हणजे एकमेकांवर फिरणाऱ्या दोन चकत्या, मध्ये थोडा फोम, व्यास ४० सेंटिमीटरच्या आसपास. सपाट बाकावर ती छान फिरते. गाडीच्या सीटला मात्र दोन्ही कडांना उंचवटे आणि मागे खोलगटपणा असतो, त्यात ती तिरकी बसते आणि अडकते. मोठा धोका पुढचा. एकदा माणूस बसला की ती त्याच्याखालून काढता येत नाही. द्वारका चौकात कुणी आडवं आलं आणि करकचून ब्रेक लागला की बूड गादीसकट पुढे घसरतं आणि कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढतो. ज्याला पाय रोवून स्वतःला थांबवता येतं त्याचं एक वेळ निभावेल. अण्णांचा उजवा पाय ते करू शकत नाही.

मग करायचं काय? आधी हँडल आणा. दार बंद होताना ज्या यू आकाराच्या कडीत अडकतं, त्या कडीत टोक घालून बसवायचं सुटं हँडल मिळतं, ऑनलाइन हजार-पाचशेच्या घरात. ते ओढायचं नसतं, त्यावर तळहात ठेवून खाली दाबायचं असतं. घेण्याआधी तुमच्या गाडीची कडी खरोखर यू आकाराची आहे आणि हँडलचं टोक तिच्यात पूर्ण उतरतंय हे पाहा. अर्धवट उतरलेलं टोक भार आला की निसटतं. अण्णा बसण्याआधी तुम्ही स्वतः त्यावर सगळं अंग टाकून बघा. दार लावण्याआधी ते काढायला विसरू नका, नाहीतर दाराचं कुलूप आणि पत्रा दोन्ही जातील. ठेवायची जागा दाराचा खिसा, डिकी नव्हे.

इथे तुमचं नशीब चांगलं आहे. पुढच्या डाव्या सीटवरून बाहेर तोंड करून बसलं की पुढच्या आणि मागच्या दारांमधला, कडी बसवलेला मधला खांब डाव्या हाताला येतो. अण्णांचा बरा हात तोच. उजवी बाजू कमजोर असलेल्या माणसासाठी पुढची डावी सीटच योग्य. ज्यांची डावी बाजू कमजोर आहे त्यांना इथे उजव्या हाताला फक्त डॅशबोर्ड आणि हलणारं दार मिळतं. त्यांना मागची डावी सीट बरी, कारण तिथून बाहेर तोंड केलं की मधला खांब उजव्या हाताशी असतो. रिक्षातही डावीकडून उतरताना ड्रायव्हरमागचा दांडा उजव्या हाताला येतो, म्हणून तुमच्या अण्णांना ती सोयीची नाही. दाराला धरून मात्र कुणीच उठू नये. दार बिजागरीवर हलतं, आणि उतारावर तर ते माणसालाच घेऊन जातं.

दुसरं काम फोमचं. पाच-सहा वर्षांच्या सीटचा फोम दबलेला असतोच. चांगल्या कुशनवाल्याकडून सीटच्या गादीत खाली रिबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून बनवलेल्या) कडक थर आणि वर दोनेक सेंटिमीटर मऊ थर असं करून घ्या. माणूस बसल्यावरची उंची चार ते पाच सेंटिमीटरनेच वाढवायची. जास्त केली तर डोकं चौकटीला लागतं आणि कमरेचा पट्टा हाडांवरून सरकतो. गादीचा बाहेरच्या बाजूचा उंचवटा कापून सपाट करायला सांगा, बूड सरकवताना तोच आडवा येतो. पाठीच्या बाहेरच्या कडेला मात्र हात लावू देऊ नका, एअरबॅग असेल तर तिथेच आहे. गादी पुढे उतरती करू नका, उठायला ती बरी वाटते पण ब्रेक लागला की घसरवते. सेन्सरची चकती होती त्याच पातळीला परत बसली पाहिजे. सीट काढायचीच झाली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून काही मिनिटं थांबायचं, मग पिवळा कनेक्टर काढायचा, आणि तो परत लावल्याशिवाय इग्निशन सुरू करायचं नाही. हे कुशनवाल्याला माहीत नसेल तर सीट काढण्या-बसवण्याचं काम सर्व्हिस सेंटरकडून करून घ्या. सगळ्या खर्चाआधी एक चाचणी करा: गाडी उभी असताना सीटवर कडक घडीची सतरंजी घालून उंची वाढवा आणि अण्णांना दोनदा उठवून बघा. फरक पडला तरच कुशनवाल्याकडे जा. सतरंजीवर बसवून गाडी चालवू नका.

आता बसवण्याची पद्धत. अर्धं काम तीच करते. सीट पूर्ण मागे, पाठ नेहमीपेक्षा बरीच मागे टेकवलेली. सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची मोठी पिशवी पसरा. अण्णांना चपलेत नेऊ नका. मागे पट्टा असलेला बूट हवा आणि पायजम्याचा घोळ वर खोचलेला, कारण हमखास अडकतो तो उजव्या बुटाचा पुढचा भाग, उंबऱ्याच्या रबराखाली. दारापाशी आले की डाव्या, म्हणजे बऱ्या बाजूने छोट्या पावलांनी वळून सीटकडे पाठ करू द्या. पायाला मागे गाडी लागली की थांबायचं. काठी तुमच्याकडे, त्यांचा डावा हात हँडलवर. तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहा आणि हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर ठेवा. सर्जिकलच्या दुकानात रुंद ट्रान्सफर बेल्ट मिळतो, तो घ्याच. उजवा दंड धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. अर्धांगवायूत खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो, अशा ओढीने तो आणखी उतरतो, आणि मग फिजिओथेरपीचे पुढचे कितीतरी दिवस त्या खांद्याच्या दुखण्यातच जातात.

डोकं पुढे आणि खाली झुकलेलं ठेवूनच बूड टेकवायचं, शक्य तितकं आत. मग मागे टेकायचं आणि प्लास्टिकवरून ड्रायव्हरच्या बाजूला सरकायचं. पाय आत घेताना उजवा आधी जातो. एक हात पोटरीखाली, एक टाचेखाली धरून तुम्ही तो उचला. डावा ते स्वतः आणतील. मग पाठ सरळ करा आणि एकेक कुल्ला जरा उचलायला सांगून पिशवी ओढून काढा. ती खाली राहिली तर ब्रेक लागल्यावर गादीसारखाच घसरण्याचा धोका. पट्टा खुब्याच्या हाडांवर बसवा आणि उजवा हात मांडीवर ठेवा. संवेदना कमी असलेला हात कुठे अडकला तरी त्यांना लगेच कळत नाही. दार लावण्याआधी हात आणि पाऊल, दोन्हींकडे डोळ्यांनी बघा.

उतरताना पाठ पुन्हा मागे, डावा पाय आधी बाहेर, मग उजवा. आता उंबऱ्याचा हिशोब करायचा. बूड सीटच्या अगदी कडेला आणा, इतकं की अर्धी मांडी उंबऱ्याबाहेर येईल. बहुतेक घरांत इथेच घाई होते, माणूस अजून आत असतो आणि आपण ओढायला लागतो. पावलं सपाट, टाचा टेकलेल्या, उजवा बूट उंबऱ्याला जवळजवळ चिकटलेला. डावा हात हँडलवर दाबायचा, नाक पायांच्या बोटांच्या सरळ वर येईपर्यंत पुढे झुकायचं, मग उठायचं. पुढे झुकल्यामुळे डोकंही चौकटीखालून सुखरूप बाहेर येतं. उभं राहिल्यावर लगेच चालवू नका, दहा आकडे मोजा. रक्तदाब उतरून चक्कर येते ती याच वेळी. मगच काठी हातात द्या. तुमच्या फिजिओथेरपिस्टना एक सेशन गाडीपाशी घ्यायला सांगा. अण्णांच्या पायांचा त्यांना जो अंदाज आहे तो दुसऱ्या कुणाला नसणार.

गाडी कुठे उभी करता यावर निम्मं यश आहे. फूटपाथला चिकटवून लावली तर अण्णांची पावलं फूटपाथवर येतात आणि सीट तेवढीच बसकी होते. फूटपाथ पंधरा सेंटिमीटर उंच असेल तर कुशनवाल्याचे सगळे पैसे वाया. फूटपाथपासून मीटरभर लांब थांबा, रस्त्यावरच उतरवा. दार पूर्ण उघडायला आणि तुम्हाला शेजारी उभं राहायलाही तेवढी जागा लागतेच. उंच एसयूव्हीचं गणित उलटं, तिला फूटपाथ मदतीला येतो. गंगापूर रोडवरच्या बऱ्याच इमारतींत पार्किंग तळघरात असतं. उतरत्या रॅम्पवर मुळीच उतरवू नका, खाली सपाटीवर किंवा वर गेटपाशी. सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांच्या कडेला मुरूम असतो, चार पायांच्या काठीचा एक पाय त्यात रुतला की काठीच माणसाला पाडते. पावसाळ्यात उंबऱ्याची पट्टी आणि बुटाचे तळ पुसायला गाडीत एक जुना टॉवेल कायमचा ठेवा.

हे सगळं महिनाभर करून बघा. सीटची उंची जमली, हँडल हाताशी आलं, तर वॉचमन काकांची गरज बहुधा संपेल. तरीही सीटची हवी ती उंची आणि प्रत्यक्ष उंची यांत दहा सेंटिमीटरहून जास्त फरक राहत असेल, किंवा चौकट इतकी खाली असेल की झुकूनही डोकं लागतं, तर गाडीच चुकीची आहे आणि मिस्टरांचं बरोबर. फक्त गाडी उंच एसयूव्हीच हवी असं नाही. उंच छपराच्या हॅचबॅक आणि काही एमपीव्ही यांची सीट अशा माणसांना बरोबर मधल्या उंचीवर सापडते. अण्णांना सोबत न्या, वही न्या, हँडल न्या. शोरूममध्ये तीनदा बसवून-उतरवून घ्या, सेल्समनची चुळबुळ चालू द्या. उंबरा किती रुंद, दार किती उघडतं, डाव्या सीटला उंची कमी-जास्त करायची सोय आहे का (ती बहुधा फक्त ड्रायव्हरला असते), एवढं तपासा. उंच गाडीला पायरी म्हणून प्लास्टिकचं स्टूल वापरायची कल्पना डोक्यातून काढा. ते कलंडतं, आणि त्यावर दोन्ही पावलं वळवता येत नाहीत.

खरी फिरती सीट घ्यायची झाली तर चाचणी झालेली, त्या-त्या मॉडेलसाठीच बनवलेलीच घ्या. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२५ मध्ये बंगळुरूच्या ट्रूअसिस्ट टेक्नॉलॉजी या स्टार्टअपसोबत वॅगनआरसाठी असा किट आणला. तो एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्यांतून गेलेला आहे, जुन्या वॅगनआरलाही बसवता येतो, आणि सुरुवात अकरा शहरांपासून झाली. नाशिकच्या मारुती अरेना शोरूममध्ये चौकशी करून बघा. कोणत्याही फिरत्या सीटबद्दल पहिला प्रश्न तोच, उंबऱ्याचा: सीट नुसती फिरते की फिरून बाहेरही सरकते? मग वजनाची मर्यादा, कुलूप नीट लागलं हे कसं कळतं, आणि फिरताना अण्णांचे गुडघे दाराच्या पुढच्या खांबाला आणि डॅशबोर्डला लागतात का. शेवटचं कागदावर कळत नाही, बसूनच बघावं लागतं. मोटारवर बाहेर येऊन खाली उतरणाऱ्या सीटही मिळतात. त्यांचा खर्च वेगळ्याच पातळीवरचा, शेजारी मीटरभराहून जास्त मोकळी जागा लागते, आणि रुळांत खडी गेली की त्या अडतात. ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांच्यासाठी त्या आहेत. अण्णा उभे राहतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. हँडल आणि फोमसाठी कुणाला विचारायला नको. सीटची यंत्रणा बदलली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, म्हणून बसवण्याआधीच पेठ रोडच्या आरटीओत विचारून आरसीवर नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. दिव्यांगांसाठी बदल केलेल्या आणि आरसीवर तशी नोंद असलेल्या गाडीला ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियमवर ५० टक्के सवलतीची तरतूद आयएमटी १२ या कलमात आहे. एजंट आपणहून सांगत नाहीत, तुम्हीच कलमाचा आकडा सांगून मागा. अण्णांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) काढलं नसेल तर अर्ज करून ठेवा, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलतींचं दार तिथून उघडतं. नवी गाडी अण्णांच्या नावावर घेतली तर आरसीवर मालकीचा प्रकार दिव्यांगजन असा नोंदवता येतो. जीएसटीच्या सवलतीमागे मात्र फार धावू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के लागतो, आणि दिव्यांगांच्या सवलतीचा दरही तोच होता.

सासूबाईंचा प्रश्न सोपा आहे. त्यांना दोन्ही हात आहेत, अडचण गुडघा दुमडण्याची. अण्णांची सीट पूर्ण मागे असल्यामुळे त्यांनी मागे ड्रायव्हरच्या पाठीमागे बसावं, आणि ड्रायव्हरची सीट जमेल तेवढी पुढे घ्यावी. ती बाजू रहदारीकडे उघडते, म्हणून त्यांना सोसायटीच्या आतच बसवा आणि क्लिनिकच्या आवारातच उतरवा. क्रम असा: चढताना त्या आधी, उतरताना अण्णा आधी. म्हणजे गाडीत बसून वाट बघायची वेळ अण्णांवर येणार नाही, आणि अण्णांना उतरवताना तुमचं अर्धं लक्ष रस्त्यावर उभ्या असलेल्या सासूबाईंकडे राहणार नाही.